कोटींची केस नंतर, आधी सीपीआरला जा

भावा, तुझ्या धाकट्याला परवा रात्री पोलीस ठाण्यात पोलिसांनी पट्ट्यानं मारलं, सकाळी सोडून दिलं, आता अमेरिकेतल्यासारखी कोटींची केस टाकता येईल का असं तू विचारलंयस. टाकता येते. पण हे वाचून झालं की गाडी काढ आणि त्याला सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात ने. कुणी मारलं, कशानं, किती वाजता हे त्याच्याच तोंडून सांगू दे आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाला येणारी जखमांची डॉक्टरी नोंद, करा म्हण. 'पडला' म्हणू नका, लाजेखातर लै जण तेच सांगतात आणि तो एक शब्द पुढं कोर्टात आडवा येतो.

माझ्या पुतण्याला पोलिसांनी असंच मारलं, त्या वेळी आमचे तीन दिवस एका पुढाऱ्याच्या दारात गेले, 'थांबा, सायबांशी बोलतो' म्हणत होता. तोवर वहिनीनं त्याच्या पाठीला हळद-तेल चोळलेलं. फोटो काढले ते रात्री ट्यूबखाली, पाठ पिवळीधमक, वळ कुठला आणि हळद कुठली कळेना, त्यात चेहराच नाही म्हणजे पाठ कुणाची इथपासून सुरुवात. डॉक्टरांनी दिसलं ते लिहिलं, त्यांचा काय दोष.

दुसरं सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी केसमध्ये डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे पाहिजेत, रेकॉर्डिंग १८ महिने, अगदीच नाही जमलं तर वर्षभर तरी ठेवा. त्यावर विसंबून बसू नको मर्दा. तारीख, वेळ घालून 'फुटेज जपून ठेवा' असा अर्ज ठाण्यात आणि कसबा बावड्यात एसपी ऑफिसला दे, पोच घेतल्याशिवाय हलू नको.

आता तुझी अमेरिका. तिकडं १८७१ चा कायदा आहे, सेक्शन १९८३ म्हणतात, त्याखाली थेट पोलिसावर दावा लावतात. पोलिसानं जीव घेतलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या घरच्यांना मिनियापोलिस शहरानं २०२१ ला २ कोटी ७० लाख डॉलर दिले ते तडजोडीत, आणि तो माणूस जिवानिशी गेलेला. आपल्याकडं हायकोर्टात संविधानाच्या कलम २२६ ची रिट, म्हणजे हक्क मोडला म्हणून सरकारविरुद्ध थेट अर्ज. निर्दोष सुटूनही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल शाहला सुप्रीम कोर्टातनं १९८३ ला ३५ हजार मिळाले, कोठडीत पोरगा गेलेल्या नीलाबती बेहेरांना तिथनंच १९९३ ला दीड लाख, पण त्या निकालानं एक केलं, मूलभूत हक्क मोडला तर 'आम्ही सरकार आहोत' हा बचाव चालत नाही हे पक्कं झालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडलाच बसतंय, त्यामुळं महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून मुंबई गाठायची गरज नाही. फक्त रिटमध्ये सहसा साक्षी-उलटतपासणी होत नाही, कागद बघतात, आणि पोलीस 'मारलंच नाही' म्हणाले अन् तुझ्याकडं कागद नसला की 'दिवाणी दावा लावा' म्हणून परत पाठवतात. म्हणून तर आधी सीपीआर म्हणतोय.

मुदतीचंही बघ. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १६१ पुढं करून सहा महिन्यांनंतरची केस उडवायला बघतात, मानवी हक्क आयोगाकडं एक वर्ष. वकील आठवड्याभरात गाठ, दिवाळीनंतर बघू असलं काही करू नको.

आणि एक सांग, सोडताना 'माझी काही तक्रार नाही' असं लिहून सही घेतलीय का त्याची? घेतली असंल तर लपवू नको, भीतीपोटी सही केली हे एसपींच्या त्याच अर्जात लिहून टाक.