तिला तो का नको?

प्रिय मुली,

मंगळवारी तुझी मेल आली. तीन फायली होत्या. तुझ्या कादंबरीचा एका पानाचा गोषवारा (तू त्याला पिच म्हणतेस, म्हण बापडी), त्याच गोषवाऱ्याचं चौथं रूप, आणि अकरा जणांच्या अभिप्रायांचा हिरवा-पिवळा-लाल रंगवलेला तक्ता. खाली एकच ओळ: "बाई, आता मला माझीच गोष्ट आठवेनाशी झालीय."

त्या ओळीमुळे लिहायला बसले. नाहीतर डोळ्यांच्या डॉक्टरांनी वाचन दिवसाला दोन तासच म्हणून बजावलंय, आणि ते दोन तास प्रुफं खातात.

तक्ता वाचला. एक म्हणतो जातीचा विषय काढ, उगाच वाद नकोत. दुसरी म्हणते तोच पुढे आण, पुरस्काराला बरं. कुणाला तिसरा माणूस हवा, कुणाला तिसऱ्या पानाच्या आत चुंबन हवं. एकानं सगळं वेब सिरीजसारखं लिहायला सांगितलंय. तुझ्या मावसभावानं तर नायिकेचं नाव बदलायला सांगितलं, कारण त्याच्या ऑफिसात त्या नावाची एक खडूस बाई आहे. आणि तू तेही इमानेइतबारे पिवळ्या रंगात नोंदवलंस! अगं, कशाला?

अकरा माणसं. त्यातल्या एकानंही विचारलं नाही की तिला तो का नको?

तुझा गोषवारा पुन्हा वाच. अनुजाला अमर का आवडतो याची सात कारणं आहेत. त्याचे डोळे, त्याचं ऐकून घेणं, संगमावरची संध्याकाळ, पुन्हा संगमावरची संध्याकाळ. आवडण्याची कारणं कुणी विचारत नाही गं. प्रेमकथा हातात घेणारा वाचक ती दोघं एकमेकांना आवडणार हे धरूनच बसलेला असतो. त्याला पान उलटायला लावते ती तिची 'नाही'. ही 'नाही' बाहेरून आलेली असेल, म्हणजे बाप ओरडला, भावानं दम दिला, तर पन्नास पानं निघतात. ती तिच्या स्वतःच्या पोटातून आलेली असेल तर तीनशे निघतात. म्हणून विचारते, आणि पत्रभर विचारणार आहे: तिला तो का नको?

गंमत म्हणजे उत्तर तू लिहिलेलं आहेस. सोळाव्या ओळीत, कंसात. "(अमरच्या आजोबांची हळद 2005च्या पुरात अनुजाच्या आजोबांच्या पेवात सडलेली असते.)"

कंसात! मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. अख्खी कादंबरी तू कंसात घालून ठेवलीस आणि बाहेर सूर्यास्त मांडून बसलीस.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, मी एकदा पाहिलीत, नव्वदच्या आसपास. सांगलीतल्या एका स्नेह्यांकडे लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशी त्यांनी संगमेश्वराच्या दर्शनाला नेलं आणि परतताना एका आवारात थांबलो. वरून काही दिसत नाही. जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मात्र रांजणासारखं पोट. पेव नुकतं उघडलं होतं आणि सगळे नुसते उभे होते. मी विचारलं, कशासाठी थांबलात? तर म्हणाले, लगेच उतरायचं नसतं, आतली हवा मारते. मग दोराला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला. वर ओढला, पेटवला, अर्ध्या तासानं पुन्हा सोडला. त्या अर्ध्या तासात कुणी फारसं बोललं नाही. एक म्हातारा तोंडाशी उकिडवा बसून होता, त्याची बोटं नखांच्या मुळापर्यंत पिवळी.

मराठीत आपण उठसूट म्हणतो, अमुक गोष्टीचं पेव फुटलं. म्हणणाऱ्यांतल्या किती जणांनी पेव पाहिलंय? तू त्या पेवांच्या गावची. तिथली ती चिकट माती, आत भरलेली वर्षाची कमाई, आणि कृष्णा-वारणेचं पाणी चढल्यावर रातोरात बाद झालेली ती पेवं, हे तू आजीच्या तोंडून ऐकलंस. 2019च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा तू स्वतः माळ्यावर दोन रात्री काढल्यास, हे तूच मला कार्यशाळेत सांगितलं होतंस. आणि गोषवाऱ्यात काय? 'निसर्गरम्य सांगली'. मला राग येतो तो याचा.

आता कंस काढ आणि बघ. अमर वाळव्याकडचा. त्याच्या आजोबांनी दर चढायची वाट बघत माल तिच्या आजोबांच्या पेवात ठेवला. पूर आला, हळद गेली. पैसे मिळाले का? किती मिळाले? मिळाले नसतील तर तिच्या आजोबांनी काय सांगितलं, की माल तुमचा, जोखीम तुमची? अनुजा त्याच आजोबांच्या मांडीवर वाढलेली, आता त्यांचीच अडत सांभाळणारी. अमरशी लग्न करायचं तर ती जुनी हिशेबाची वही उघडावी लागणार. उघडली की आजोबा चोर ठरतील, निदान त्यांनी डोळेझाक केली एवढं तरी दिसेल. तिला तो का नको? कारण तो घरात आला की ते देणं रोज जेवायला पानावर बसणार. हे कारण असं आहे की तो जितका भला वागेल तितकी ती जास्त आखडेल. त्यानं "मला पैसे नकोत" म्हटलं तर? मग तर तिला तो मुळीच नको, कारण माफी घेऊन कोण नांदेल?

बघ, मी लिहायला लागले. माफ कर. कादंबरी तुझी आहे.

लग्नाच्या नोटिशीचं एक सांगून टाकते, कारण तुझा शेवट त्यावर उभा आहे. विशेष विवाह कायदा 1954चा. त्यात नोटीस कार्यालयात लावतात, तीस दिवस थांबतात, तीन साक्षीदार लागतात, सगळं खरं. पण तुझी दोघंही हिंदू आहेत. जात वेगळी असली तरी हिंदू विवाह कायद्याखाली लग्न लावून नोंदणी करता येते, तिथे तीस दिवसांची नोटीस नाही. घरच्यांच्या धाकानं पळालेली जोडी आपणहून आपली नावं फलकावर महिनाभर टांगेल का? पहिलाच वकील त्यांना आधी वैदिक लग्न लावून घ्या म्हणेल. तुझे ते 'थरारक तीस दिवस' त्यामुळे लंगडे पडतात. आणि मुळात ते हवेत कशाला? अडसर कचेरीत शोधावा लागतो तो घरात सापडला नाही की. तुला सापडलाय, तू तो कंसात टाकलास.

प्रकाशकाकडे काय होतं तेही ऐक. मराठीत मध्यस्थ एजंट जवळपास नाहीत. पान आणि हस्तलिखित थेट तिथल्या वाचणाऱ्या माणसासमोर जातं. मी ते काम एकोणीस वर्षं केलं. आधी पान वाचायचं, मग हस्तलिखिताचा पहिला आणि शेवटचा भाग, मग मन झालं तर मधलं. "पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा" असं लिहिणाऱ्यांचं पान मी बाजूला ठेवायचे, कारण दहापैकी नऊ वेळा पुढे काय होतं ते लेखकालाच ठाऊक नसायचं. तू चौथ्या रूपात ती ओळ घातलीस. काढ. शेवट सांग, लग्न होतं की नाही ते सरळ लिही.

'सामाजिक आशय काय' हे ते विचारतीलच. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस, ही आपली जुनी खोड आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857ची, आणि तिचा विषय विधवांची दुःखं. तेव्हापासून निव्वळ प्रेमाची गोष्ट म्हटली की आपल्याकडे भुवई वर जाते, आणि तीच गोष्ट वाचनालयातून पाळीपाळीनं घरोघर नेली जाते. आमच्या पेठेतल्या वाचनालयात असल्या पुस्तकांचे पुठ्ठे वर्षात दोनदा बदलावे लागायचे. तेव्हा पहिली आवृत्ती हजार-अकराशेची निघायची, आता डिजिटल छपाईत दोन-तीनशे प्रतींवरही भागवतात. तुझ्या तक्त्यातला तो पुरस्कारवाला सल्ला त्या दोन-तीनशेतली एक प्रतसुद्धा खपवणार नाही.

आता माझं. सांगणार नव्हते.

माझी एकुलती एक कादंबरी 1987ची. तू शोधू नकोस, मिळणार नाही. नायिका शाळामास्तरीण, नायक जनावरांचा डॉक्टर, विधुर, एक लहान मुलगी असलेला. ती त्याला दोनदा नाही म्हणते. प्रकाशकाकडच्या संपादकांनी हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं: "ही दोनदा नाही म्हणते. का?" मला अपमान वाटला. मीही तुझ्यासारखीच सहा जणांना विचारत हिंडले. आमचे दीर म्हणाले, पगारदार माणूस, भला माणूस, हिला नाही म्हणायला काय धाड भरलीय? बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी दोन्ही नकार काढून टाकले. एकशे ऐंशीव्या पानावर लग्न लावलं. संपादकांनी छापलं, काही बोलले नाहीत. अकराशेपैकी तीनशे ऐंशी प्रती गठ्ठ्यांनी परत आल्या. त्या अजून माळ्यावर आहेत, कसर लागलेल्या.

पेन्सिलीतल्या त्या 'का'चं उत्तर मला ठाऊक होतं. मला मागणी आली होती, अशाच एका माणसाची. बघायला म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. पोहे आले, बोलणं झालं, माणूस खरोखर चांगला. बैठकीच्या भिंतीवर एक चौकोन होता, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. वर खिळा तसाच. त्याच्या पहिल्या बायकोचा फोटो त्यांनी माझ्यासाठी सकाळीच उतरवला होता. त्याची मुलगी पोहे खाताना अधूनमधून त्या खिळ्याकडे बघत होती. मी घरी येऊन नाही म्हटलं आणि कारण कुणालाच सांगितलं नाही.

ते कादंबरीत का लिहिलं नाही? तो माणूस गावातच होता. ती मुलगी पुढे माझ्या शाळेत, माझ्याच वर्गात आली. माझं लग्न झालेलं, घरात चार वाचणारी माणसं. लिहिलं नाही ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणेन. एखाद्या पोरीच्या आईचा फोटो मी माझ्या नावासाठी पुन्हा कशाला टांगायचा? आणि दुसरी कादंबरी का लिहिली नाही म्हणून विचारशील, तर सासूबाईंचं आजारपण, मग मुलं, मग दुसऱ्यांची हस्तलिखितं. ही सगळी खरी कारणं आहेत. तरी माळ्यावर काही काढायला चढले की त्या गठ्ठ्यांकडे पाठ करून उभी राहते, हेही खरं.

तुझ्यापाशी तसली कुणाची अब्रू आड येत नाही. आजोबा कल्पनेतले, पेव खरं. मग घाबरतेस कशाला? की आजोबा पूर्ण कल्पनेतले नाहीत? तसं असेल तर मला सांगू नकोस, फक्त गावाचं नाव बदल आणि लिही.

तक्ता पुसून टाक. अकरा जणांचे आभार मान, मावसभावाचेही मान. नवं पान लिहिताना आवडण्याची कारणं एका ओळीत उरक. दुसऱ्या ओळीपासून तिला तो का नको ते लिही, संगम एकदाच येऊ दे, शेवट सांग, आणि नाव अनुजाच ठेव. इकडे तिकडे दाखवू नकोस, मला पाठव. छापील पाठव, मेल नको. मी पेन्सिलीनं खुणा करून परत धाडीन. माझं अक्षर लागलं नाही तर चारनंतर फोन कर, दुपारी मी झोपते.

आणि त्या वहीत अमरच्या आजोबांच्या नावापुढे किती पोती लिहिली आहेत? गोषवाऱ्यात कुठेच आकडा नाही. ठरव आणि पानासोबत कळव.

तुझ्या
बाई