हृदयपेशींना डिशमध्ये विजेची पल्स (क्षणभराचा झटका) देताना किती व्होल्ट ठेवावेत? इलेक्ट्रोड म्हणून स्टीलच्या सुया आहेत. माझ्या पेशी दुसऱ्या दिवशी सुटून तरंगतात.

नुसत्या व्होल्टच्या आकड्यावरून काही सांगता येत नाही. दोन इलेक्ट्रोडमध्ये अंतर किती, ते आधी बघा. पेशींच्या वाट्याला येतं ते दर सेंटिमीटरमागचं व्होल्टेज. 2004 साली मिलिका रॅडिसिक आणि गोर्डाना वुन्याक-नोव्हाकोविच यांच्या गटाने नवजात रॅटच्या हृदयपेशींवर काम केलं, त्यात सेंटिमीटरला 5 व्होल्ट, 2 मिलिसेकंदांची पल्स आणि सेकंदाला एक ठोका होता. शिवाय पल्स पहिल्याच दिवशी सुरू केली नव्हती. पेशींना आधी तीन दिवस स्थिरावू दिलं होतं.

पण तुमच्या वर्णनावरून मला संशय आहे तो स्टीलच्या सुयांवर. मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, हे खारट पाणीच. त्यात स्टील झिजतं आणि धातूचे आयन थेट पेशींवर येतात. त्यात पल्स एकाच दिशेची असेल तर एका टोकाला आम्ल तयार होतं, दुसऱ्याला अल्कली. दिवा लावून डिश बघा: फिनॉल रेड (मीडियममधला, आम्ल-अल्कलीनुसार बदलणारा रंग) एका सुईपाशी पिवळट आणि दुसरीपाशी गडद गुलाबी दिसत असेल, किंवा बारीक बुडबुडे धरत असतील, तर पेशी विजेने नव्हे, रसायनाने मरताहेत.

कार्बनच्या कांड्या घ्या. त्यांना जोडायची तार प्लॅटिनमची ठेवा आणि जोड मीडियमच्या वर राहील असं बघा. पल्स दोन्ही दिशांची द्या, म्हणजे एका दिशेने गेलेला विद्युतभार लगेच परत ओढला जातो. ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) पल्सचा आकार एकदा तपासाच (आमच्याकडे तो फिजिक्सवाल्यांकडून उसना आणावा लागतो, पण आणतो).

मग 1 हर्ट्झवर (सेकंदाला एक पल्स) अगदी कमी व्होल्टेजपासून हळूहळू वर चढा. मायक्रोस्कोपखाली सगळ्या पेशी पल्सबरोबर आकुंचन पावू लागतील तो तुमचा थ्रेशोल्ड. त्याच्या जरासं वर थांबा, उगाच दुप्पट करू नका. वेग वाढवण्याचा मोह इतक्यात नको. 2018 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने मानवी स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदय-ऊतीला 2 वरून 6 हर्ट्झपर्यंत नेलं, पण दोन आठवडे रोज थोडं थोडं वाढवत.

आणि कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, इलेक्ट्रोड नसलेली डिश चालणार नाही. तेच इलेक्ट्रोड बुडवलेली, फक्त वीज न दिलेली डिश शेजारी ठेवा. तिच्यातही पेशी सुटल्या, तर दोष विजेचा नाही, पल्स जनरेटरची बटणं फिरवण्यात वेळ घालवू नका.