लाईट गेली, स्टँडअप बुडला

प्रश्न : मी गुहागरला घरून काम करते, टीम पुणे, बर्लिन आणि बोस्टनला. रोजचा स्टँडअप, म्हणजे कोणाचं काम कुठवर आलं ते सांगायची मीटिंग, संध्याकाळी सातला असतो आणि पाऊण तास चालतो. पावसात लाईट गेली की माझा कॉल बुडतो, मग मॅनेजर म्हणतात अजाईल (सॉफ्टवेअर थोडं थोडं करत, सतत बोलत बनवायची पद्धत) समोरासमोर बसूनच होतं, पुण्याला या. खरंच असं आहे का?

उत्तर : ताई, मॅनेजर अगदीच खोटं बोलत नाहीयेत. 2001 मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जणांनी अजाईल मॅनिफेस्टो, म्हणजे या पद्धतीचा जाहीरनामा, केला, त्याच्या तत्त्वांत समोरासमोरचं बोलणं सगळ्यात परिणामकारक असं लिहिलेलंच आहे. पण तुम्ही पुण्याला गेलात म्हणून बर्लिन-बोस्टनवाले थोडेच तिथे येणारेत? कॉल तोच राहणार, घरभाडं तेवढं वाढणार.

खरा घोळ त्या पाऊण तासात आहे. स्क्रम ही अजाईलचीच एक पद्धत, तिच्या नियमपुस्तिकेत, स्क्रम गाईडमध्ये, डेली स्क्रमला, म्हणजे तुमच्या स्टँडअपला, 15 मिनिटं दिलीयत, आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय हे तीन प्रश्न तर 2020 च्या आवृत्तीतून काढून टाकलेत, तरी सगळीकडे शाळेतल्या हजेरीसारखं एकेकाचं नाव घेऊन तेच चालू. ते सगळं कॉलच्या आधी तिकिटावर, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीवर, लिहून टाका ना, म्हणजे "फॉर्मचं व्हॅलिडेशन झालं, ब्रँच पुश केलीय, दोन टेस्ट फेल होतायत, रिफंडचा नियम बोस्टनकडून हवाय" एवढंच; ब्रँच म्हणजे कोडची तुमची वेगळी प्रत, पुश म्हणजे ती टीमच्या सर्व्हरवर चढवणं. मग लाईट गेली तरी बोस्टनवाले त्यांच्या दिवसात उत्तर टाकून ठेवतात आणि तुमची सकाळ फुकट जात नाही. कॉलवर फक्त अडलेलं बोलायचं. आणि ढग भरून आले की आधी पुश करा, लॅपटॉपवर अडकलेला कोड कोणाच्याच कामाचा नाही. राऊटरला छोटा यूपीएस लावाच, अर्थात टॉवरच बसला तर मोबाईलचीही रेंज जाते, म्हणून लिहिण्यावर माझा एवढा जोर.

अजून एक, पावसाळ्यात तुमचे सात म्हणजे बर्लिनचे साडेतीन, बोस्टनचे सकाळचे साडेनऊ. पण युरोपचं घड्याळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे जातं, अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या, मधल्या आठवड्यात हमखास कोणीतरी तासभर आधी नाहीतर उशिरा येतं. मीटिंग कुठल्या शहराच्या वेळेवर लावलीय ते आत्ताच विचारून ठेवा.

आणि गणपतीत तुम्ही नसणार हे स्प्रिंट प्लॅनिंगलाच, म्हणजे पुढच्या काही आठवड्यांचं काम ठरवतानाच, सांगून तेवढं काम कमी घ्या, लाजायचं काय त्यात, बर्लिनवाले ख्रिसमसचं सांगतातच की.