वहिनींना पाणी बघायचंय, व्हॅन नव्हे

प्रश्न: कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. वय ५७. खर्च वजा जाता वर्षाला नऊ लाखांच्या आसपास सुटतात. बायको चार वर्षांपासून इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर आहे. वर्षातून दोनदा फिरायला जाता यावं म्हणून नऊ लाखांची सेकंडहँड व्हॅन घ्यावी आणि मागे रॅम्प बसवावा, असं मनात आहे. चार लाखांच्या एफडीतले तीन मोडायचे, सहा लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी १० टक्क्यांनी मिळतंय. पतसंस्थेतले दोन लाख दिवाळीत सुटतील. सात सीटर गाडी ड्रायव्हरसह भाड्याने घेतली तर दिवसाला पाच हजार पडतात. घडीची इलेक्ट्रिक खुर्चीही बघितली, १ लाख ४० हजारांची. मित्र म्हणतो व्हॅन घेतलीस तर टॅक्स वाचेल. बायको म्हणते, "मला पाणी बघायचंय, गाडी न्हवं." तिला कोचीला जायचंय. काय करू?

दादा, सल्ला वहिनींनी देऊनच ठेवलाय, मी फक्त आकडे मांडतो.

सहा लाखांचा हप्ता महिन्याला साधारण १२,७५० बसेल, म्हणजे वर्षाला १ लाख ५३ हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून ४० हजार धरा. दोन सहलींचे मिळून बारा दिवस धरले, तर दिवसाला सोळा हजार रुपये झाले. त्यात डिझेल नाही, रॅम्प नाही, तुमचे तीन लाखही नाहीत. पाच हजारांची भाड्याची गाडी महाग वाटत होती ना? उरलेले साडेतीनशे दिवस व्हॅन वर्कशॉपच्या दारात उभी राहणार आणि शेजारचे "जरा माल टाकून येऊ का" म्हणत किल्ली मागणार. उद्यमनगर मलाही माहीत आहे.

रॅम्प बसवला म्हणजे काम झालं, असंही नाही. ऐंशी-नव्वद किलोची खुर्ची घाटात वळणावर सरकली तर तिला आवरणं माणसाचं काम नाही. ती चारही बाजूंनी पट्ट्यांनी जमिनीला बांधावी लागते, आणि तिच्यातच बसून प्रवास करायचा तर वहिनींना वेगळा सीटबेल्ट लागतो. गाडीच्या मूळ रचनेत बदल केला की आरटीओची मंजुरीही आली. तुम्ही लिहिलेल्या नऊ लाखांत यातलं काहीच धरलेलं दिसत नाही.

वहिनींना आठवड्यातून तीन-चारदा फिजिओथेरपीला न्यावं लागत असतं, तर मी व्हॅनच्या बाजूने बोललो असतो. तसं पत्रात कुठे दिसत नाही.

आता मित्राचा टॅक्स. अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठीची वजावट, जिला आपण ८०डीडी म्हणतो, ती किमान ४० टक्के दिव्यांगत्वाला ७५ हजार आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाख आहे. पण ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते आणि गाडी घेतली म्हणून मिळत नाही. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे करच बसत नाही. तुमचे नऊ लाख आहेत. शून्यातून काय वाचवणार?

म्हणून माझं मत घडीच्या खुर्चीकडे झुकतं. ती मिटून भाड्याच्या गाडीच्या डिकीत मावते, विमानातही जाते. फक्त एक गोष्ट बघा, कारण दुकानदार ती सांगेलच असं नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करा, म्हणजे बॅटरीचे वॉट-अवर कळतील. विमानात अशा खुर्चीची लिथियम बॅटरी काढून केबिनमध्ये सोबत न्यावी लागते. एक असेल तर ३०० वॉट-अवरच्या आत, दोन असतील तर प्रत्येकी १६० च्या आत. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर म्हणजे २८८, चालते. "साहेब, थोडे जास्त द्या, लांब पल्ल्याची घ्या" म्हणून २० ची गळ्यात मारली तर ४८० होतात, आणि कोचीचा बेत विमानतळावरच संपतो. पैसे जास्त देऊन सोय कमी, असा हा सौदा आहे. तिकीट काढताना खुर्ची आणि बॅटरीची माहिती द्या. निघण्याच्या ४८ तास आधी तरी कंपनीला ती कळलेली हवी.

माझ्या एका अशिलाची खुर्ची सामानातून आली ती जॉयस्टिक मोडूनच. दुरुस्तीला अठरा हजार गेले ते गेलेच, पण चार दिवसांच्या सहलीतले तीन दिवस त्याची आई हॉटेलच्या खिडकीशी बसून होती. विमान कंपनीच्या भरपाईला मर्यादा असते. तेव्हा जॉयस्टिक सुटी होत असेल तर काढून, टॉवेलात गुंडाळून स्वतःजवळ ठेवा. खुर्ची ताब्यात देताना काउंटरवरच मोबाइलने सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. आणि प्रवास विमा घेताना "व्हीलचेअर सामानात धरता का, किती रकमेपर्यंत" हे ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचं गोड "हो सर" दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

पैसे असे फिरवा. एफडीला हात लावू नका. वर्कशॉपचा एखादा महिना कोरडा गेला किंवा घरात आजारपण निघालं, तर तुमच्याकडे तेवढीच गंगाजळी आहे. पतसंस्थेतले दोन लाख दिवाळीत सुटले की परत तिथेच गुंतवू नका. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेला लागू नाही. त्यातून खुर्ची घ्या, उरलेले साठ हजार खुर्चीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात टाका.

सहलीसाठी कर्जाचा हप्ता समजूनच या महिन्यापासून १२,७५० ची आरडी सुरू करा. सहा महिन्यांत साडेशहात्तर हजार जमतील. एवढा हप्ता महिन्याला खरंच निघतो का, तेही कळेल. तिसऱ्या महिन्यातच ओढाताण झाली, तर व्हॅनच्या कर्जाचं काय झालं असतं ते मी सांगायला नको.

कोची चांगली निवडली वहिनींनी. तिथे २०२३ पासून वॉटर मेट्रो, म्हणजे बोटींची सेवा, चालते. धक्के तरंगते आहेत, भरती-ओहोटीत बोटीच्या पातळीलाच राहतात, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते. हाउसबोटीला मात्र बऱ्याचदा फळीवरून चढावं लागतं, आधी विचारून घ्या. हॉटेलच्या "व्हीलचेअर फ्रेंडली" या शब्दांवर तर बिलकूल जाऊ नका. मी स्वतः अशाच एका ठिकाणी दारात दोन पायऱ्या आणि चोवीस इंचांचं बाथरूमचं दार बघून आलोय. दाराला टेप लावून फोटो पाठवायला सांगा, मगच आगाऊ रक्कम भरा.

खुर्ची घेण्याआधी तशीच एक आठवडाभर भाड्याने मिळते का बघा. मिळाली तर एका संध्याकाळी दोघं रंकाळ्यावर जा. डिकीतून खुर्ची काढणं, उघडणं, वहिनींना बसवणं, परत मिटून ठेवणं हे सगळं तुम्ही एकट्याने करा. पाठ धरली तर ड्रायव्हरसोबत एक मदतनीसही लागेल, आणि त्याचे दिवसाचे पैसे वरच्या हिशेबात अजून धरलेले नाहीत.