स्कूटरचा बेल्ट गेला म्हणून आरडी मोडू नका

प्रश्न: नागपुरात मनीषनगरहून सदरला ऑफिसात रोज स्कूटरने ये-जा, साधारण २२ किमी. गाडी नऊ वर्षांची, ४८ हजार किमी चाललेली. हल्ली रेस दिली की आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही; सिग्नलवरून निघताना थरथरते. मेकॅनिकने बेल्ट, रोलर आणि क्लचचे ४,८०० रुपये सांगितले. घरचे म्हणतात, मुलीच्या जूनच्या फीसाठीची ४० हजारांची आरडी मोडून १५ हजार भरा, ९० हजारांचं कर्ज काढा, नवी घ्या.

ताई, आरडीला हात लावू नका. गाडी दुरुस्त करा.

तुम्ही सांगितलेली लक्षणं इंजिनाची कमी आणि बेल्ट-क्लचची जास्त वाटतात. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये पुढे-मागे दोन पुली आणि मध्ये रबरी बेल्ट असतो. रेस वाढली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीची एक बाजू दाबतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तेवढाच खाली उतरतो. गिअर बदलण्याचं काम असं आपोआप होतं. बेल्ट झिजून अरुंद झाला की तो पूर्ण वर चढत नाही, घसरतो. मग इंजिन ओरडतं आणि चाक मागे राहतं. निघतानाची थरथर बहुतेक क्लच शूची, म्हणजे रेस वाढली की बाहेर फाकून चाकाला जोर पोचवणाऱ्या पट्ट्यांची. बर्डीच्या गर्दीत थोडी रेस देत गाडी रांगत नेली की शू अर्धवट टेकतात, घासतात आणि तापतात. त्यात आपला मे महिना! हे सगळे झिजणारेच भाग आहेत. कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर बदलत नाही.

आता हिशोब. ९० हजार, १२ टक्के, तीन वर्षं: हप्ता सुमारे २,९९० रुपये, नुसतं व्याज १७,६००. म्हणजे व्याजाच्याच पैशात ही दुरुस्ती तीनदा होईल. नवी गाडी पेट्रोल वाचवेल, हे खरं. पण महिन्याला ५५० किमी, ॲव्हरेज ३८ ऐवजी ४८ आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तरी वाचतात फक्त तीनशेच्या आसपास. शिवाय बेल्ट घसरतो तेव्हाही पेट्रोल वाया जातंच, त्यामुळे दुरुस्तीनंतर ॲव्हरेज थोडं सुधारेलच.

शोरूमवाले जीएसटी कमी झाल्याचं सांगतील. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ ऐवजी १८ टक्के कर आहे. पण ती महिनाअखेरची ऑफर नाही, घाई कशाला?

माझा सल्ला एकाच गोष्टीने बदलेल. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, ऑइल वरचेवर कमी होत असेल, तर इंजिनाचं काम निघेल आणि त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. म्हणून आधी दुसऱ्या मेकॅनिककडून इंजिन बघून घ्या. ते ठीक निघालं, तर डावीकडचं कव्हर तुमच्यासमोर उघडायला सांगा, बेल्टची रुंदी मोजून घ्या, रोलर एका बाजूने चपटे झालेत का ते बघा. काढलेले भाग मागून घ्या. गिअर ऑइलही (मागच्या चाकाजवळच्या गिअरचं वेगळं ऑइल) त्याच वेळी बदला. त्याचा खर्च किरकोळ.

जूनची फी भरली की महिन्याला १,५०० रुपयांची वेगळी आरडी उघडा, फक्त पुढच्या गाडीसाठी. तीन वर्षांत ५४ हजार मुद्दल जमेल. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असल्याने तोवर ही गाडी कागदोपत्रीही चालेल. नवी घ्याल तेव्हा आजच्या किमतीच्या निम्म्याहून कमी कर्ज लागेल. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय झाली, तर तेव्हा इलेक्ट्रिकचाही विचार करा. तिच्यात हा रोलर-क्लचचा खर्चच नसतो.