दिवसभर संगणकावर काम करताना डोळे चुरचुरतात आणि पाणीही येते. हा ड्राय आय असू शकतो का? तो कसा ओळखावा आणि कोणता ड्रॉप घ्यावा?

होय, असू शकतो, आणि आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तशी शक्यता बरीच वाटते. मात्र मी हे उत्तर लिहायला बसले ते आपल्या प्रश्नाखालच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘पाणी येते आहे म्हणजे कोरडेपणा असूच शकत नाही, असे ऑफिसातले सगळे म्हणतात,’ असे आपण लिहिले आहे. हेच वाक्य आमच्या घरात माझ्या आईला वर्षानुवर्षे ऐकवले गेले आणि त्यापायी तिच्या आजाराचे निदान फार लांबले. त्यामुळे आधी त्याचाच निकाल लावते.

डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो तो निव्वळ पाण्याचा नसतो. पापण्यांच्या कडांमधील मायबोमियन ग्रंथी त्यात तेल सोडतात, अश्रुग्रंथी पाणी पुरवतात आणि डोळ्याच्या आवरणातून स्रवणारा चिकट श्लेष्मा तो थर डोळ्याला धरून ठेवतो. तेल कमी पडले तर पाणी भराभर उडून जाते. पाणीच कमी पडले तर तेलाचाही उपयोग होत नाही. दोन्ही प्रकारांत कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, उघडा पडतो, आणि तो अत्यंत संवेदनशील असल्यामुळे अश्रुग्रंथी एकदम पाण्याचा लोंढा सोडते, जसा ती कांदा चिरताना सोडते. हे पाणी डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते, आणि डोळा कोरडा तो कोरडाच राहतो. नेत्रतज्ज्ञांना ही साधी गोष्ट रोज दिसते. घरातल्या माणसांना मात्र ती पटवून देताना माझा घसा बसला आहे.

आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत आहे. आई घरीच टॉवेलच्या कडा शिवत असे. मजुरी डझनावर मिळत असल्यामुळे ती सुईवरून नजर हलवत नसे, आणि एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नव्हते. सुताची बारीक धूळ, पत्र्याच्या खोलीतला एप्रिल-मे महिन्यांतला चाळीस अंशांच्या पुढचा उन्हाळा आणि समोरून येणारा पंख्याचा झोत या सगळ्यांत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याच्या थोडेच आधी वडील गेले होते. त्यामुळे काकांनी ठरवून टाकले, “वहिनी रडत्यात, दुसरं काही नाही.” आत्याही तेच म्हणू लागली. आई सांगायची की मला रडू येत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते. पण विधवा बाईच्या डोळ्यांतले पाणी दुःखाशिवाय दुसऱ्या कशाचे असू शकते, हे कोणाच्या मनातच येत नव्हते. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून दिला गेला. पुढे मी ड्राय आयविषयी वाचून तसे बोलून दाखवले, तेव्हा काका म्हणाले, “ज्या डोळ्याला पाणी हाय, तो कोरडा कसा काय असंल?”

त्यांनी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय एक ड्रॉप आणला. त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉईड होते. स्टेरॉईडने लाली उतरते, डोळा शांत वाटतो, म्हणून तो ड्रॉप घरात कायमचा झाला. पुढे पाणी येणे हळूहळू थांबले आणि काकांनी ते आपल्या ड्रॉपचे यश मानले. प्रत्यक्षात अश्रुग्रंथीच निकामी होत चालली होती, आणि चिडलेल्या डोळ्याला उत्तर म्हणून सोडायचे पाणीही तिच्याकडे उरले नव्हते. टोचणे उलट वाढले होते.

अखेर मी हट्टाने तिला नेत्रतज्ज्ञांकडे नेले. काकाही सोबत आले. डॉक्टरांनी डोळ्यांविषयी विचारायच्या आधी जेवणाविषयी विचारले. कोरडा घास गिळताना पाणी प्यावे लागते का, या प्रश्नावर आई म्हणाली की कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर खाणे तिने केव्हाच सोडले आहे, आता भाकरी आमटीत पूर्ण भिजल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. आम्ही रोज तिच्यासमोर जेवत होतो आणि दात कमजोर झाले असतील असे समजत होतो. त्यानंतर शर्मर चाचणी झाली. ऑटो शर्मर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १९०३ मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही तशीच करतात: खालच्या पापणीत कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी अडकवायची आणि ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजायचे. १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर शंका घेतात, ५ पेक्षा कमी म्हणजे अश्रू फारच कमी. आईची पट्टी ३ मिलिमीटरवर थांबली, डोळ्यांचा दाबही वाढलेला निघाला. दीर्घकाळ स्टेरॉईडचे थेंब घातले तर काही जणांचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. ड्रॉप बंद केल्यावर आईचा दाब उतरला, हे तिचे नशीब. परतताना काका म्हणाले की कागदाच्या पट्टीवरून काही ठरत नसते.

पुढे रक्ताच्या तपासण्यांमध्ये अँटी-रो नावाची, शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार होणारी प्रतिद्रव्ये सापडली आणि शोग्रेन सिंड्रोमचे निदान झाले. हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ च्या आपल्या प्रबंधात या आजाराचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर हल्ला करते. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त आढळतो आणि सांधेही दुखतात. आईच्या बोटांच्या दुखण्यालाही घरात शिवणकामाचे कारण चिकटवले गेले होते.

आता आपल्याविषयी. आपले प्रकरण बहुधा इतके गंभीर नसेल. एरवी माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्यासमोर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते आणि बऱ्याच वेळा पापणी पूर्ण मिटतही नाही. चुरचुर संध्याकाळी वाढते का, एसीच्या किंवा पंख्याच्या झोतात त्रास होतो का, मध्येच अक्षरे धूसर होऊन पापण्या मिटल्यावर पुन्हा स्पष्ट होतात का, हे पाहा. शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुख्य तक्रार खाजेची असेल तर ॲलर्जीचा विचार आधी करावा लागतो. डॉक्टर फ्लोरेसिन नावाचा रंग लावून निळ्या प्रकाशात अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो तेही पाहतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर तो अस्थिर समजतात.

पडदा डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवा, एसीचा झोत तोंडावर घेऊ नका आणि मुद्दाम, पूर्ण, सावकाश पापण्या मिटत जा. आपल्यासारख्यांमध्ये बरेचदा तेलाच्या ग्रंथी तुंबलेल्या असतात. त्यासाठी जाड टॉवेलचा तुकडा सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर रोज पाच ते दहा मिनिटे ठेवावा आणि नंतर पापण्यांची कड हलक्या हाताने चोळून पुसावी. टॉवेल लवकर निवतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा गरम करावा लागतो. हा कंटाळवाणा उपाय आठवडेच्या आठवडे चालवावा लागतो आणि बहुतेक लोक तो चार दिवसांत सोडतात.

ड्रॉपचे नाव मी सांगणार नाही, कारण नाव सांगून आणलेल्या ड्रॉपने काय होते ते मी पाहिले आहे. घटक मात्र सांगते: कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले कृत्रिम अश्रू सामान्यतः सुरक्षित असतात, आणि ते दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेड्निसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल असे लिहिले असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घालू नका, मग ती कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाने कितीही मायेने आणलेली असो. लाली घालवणारे थेंब रोज वापरले की ते बंद करताच लाली पुन्हा उसळते. गुलाबपाणी, मध आणि एरंडेल डोळ्यांत घालणे बंद करा. हे पदार्थ निर्जंतुक नसतात. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा बोलबाला फार आहे, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त फायदा झाला नाही.

आईला सध्या सायक्लोस्पोरिनचे थेंब चालू आहेत. त्यांचा गुण यायला काही महिने लागतात, आणि या मधल्या काळात काकांनी ‘एवढ्या महागाच्या औषधाने काय झाले?’ असे अनेकदा विचारले. आता ती पुन्हा सुईत दोरा ओवते. काकांना मधुमेह आहे, त्यांचे डोळे हल्ली चुरचुरतात, आणि मधुमेहात कॉर्नियाची संवेदना मंदावून कोरडेपणा वाढू शकतो, हे मी त्यांना कागदावर लिहून दिले आहे. त्यांनी ती पट्टी लावून घ्यावी एवढेच माझे म्हणणे आहे.

मी डॉक्टर नाही, हे लक्षात घ्यावे. पाणी येणारा प्रत्येक डोळा कोरडाच असतो असेही नाही; नाकाकडे जाणारी अश्रुनलिका बंद असली तरी डोळा वाहतो. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या किंवा मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, पण आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. तोंडही कोरडे पडत असेल, दात भराभर किडत असतील किंवा सांधे सुजत असतील तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांना न विसरता सांगा, कारण सगळेच आपणहून विचारतील असे नाही. डोळा खूप दुखू लागला, उजेड सहन होईना, नजर एकाएकी कमी झाली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधी काढून सोबत घेऊन जा.