इशारा किती आधी मिळतो?

आइसलँडबद्दल आलेल्या पत्रांतले हे चार प्रश्न. तिथे हवामान, भूकंप, ज्वालामुखी, हिमनद्या, पूर आणि हिमस्खलन या सगळ्यांवर एकच सरकारी संस्था लक्ष ठेवते : वेदुरस्तोफा. त्यामुळे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात शिरलं तर नवल नको.

ग्रिंदाविक गाव उद्रेकाच्या महिनाभर आधी रिकामं झालं. मग हेक्ला ज्वालामुखीवर चढणाऱ्यांना तासाभराचाही भरवसा देत नाहीत, असं का?

ग्रिंदाविकजवळ स्वार्त्सेंगीच्या खाली शिलारस साचतो तेव्हा जमीन फुगते आणि जीपीएस केंद्रांना ते मिलिमीटरांत कळतं. दोन वेगवेगळ्या दिवशीच्या उपग्रह-रडार प्रतिमा ताडून पाहिल्या की फुगवट्याचा आकारही दिसतो. १० नोव्हेंबर २०२३ रोजी हा रस भेगेतून आडवा सरकत गावाखाली घुसला. भूकंपांची ठिकाणं त्या दिशेने सरकताना दिसली आणि त्याच रात्री गाव खाली केलं गेलं. उद्रेक मात्र १८ डिसेंबरला झाला.

पण हा महिना कायमचा धरू नका. एकदा वाट फुटली की पुढच्या खेपेला खडक फारसा तडकावा लागत नाही. नंतरच्या काही उद्रेकांत छोट्या भूकंपांची झुंड सुरू झाल्यापासून लाव्हा दिसेपर्यंत अर्धा-एक तासच मिळाला. त्यामुळे आधीच्या खेपेला किती रस साचला होता आणि आता किती साचलाय, ही तुलना जास्त कामाची ठरते.

हेक्ला तर एरवी जवळपास मुकाच असतो. २००० साली पहिल्या सूक्ष्म भूकंपापासून उद्रेकापर्यंत ७९ मिनिटं गेली. शिखरावरून उतरायलाच तेवढा वेळ लागू शकतो. त्यात वादळ असेल तर वाऱ्याने जमीन थरथरते आणि त्या गोंगाटात बारीक भूकंप बुडून जातात. खराब हवेत ज्वालामुखीवरची नजरही अधू होते ती अशी.

हिमनदीखालून येणारा पूर आणि उन्हाळ्यातलं साधं वितळपाणी यांत फरक कसा ओळखतात?

नुसत्या पातळीवरून ओळखता येत नाही. नदीतल्या यंत्रावर पाण्याची पातळी आणि विद्युतवाहकता, दोन्ही एकत्र वाचावी लागतात. बर्फाखालच्या भूऔष्णिक क्षेत्रातून आलेल्या पाण्यात खनिजं विरघळलेली असतात, म्हणून वाहकता वाढते. कडक उन्हाच्या दिवशी बर्फ वितळून पातळी चढते, पण ते पाणी जवळजवळ निखळ असल्याने वाहकता उतरते. दोन्ही एकदम चढू लागल्या की समजावं, पाणी खालून येतंय. इथे एक फसगत होते : हिवाळ्यात प्रवाह आटल्यावर भूजलाचा वाटा वाढतो आणि वाहकता तशीच जास्त असते. तेव्हा ठरावीक आकड्यापेक्षा बदलाचा वेग बघायचा.

ग्रिम्सव्होत्न या बर्फाखालच्या तळ्यावर वेगळी सोय आहे. तरंगत्या बर्फावर जीपीएस बसवलेलं असतं. बर्फ खाली बसू लागला की तळं रिकामं होतंय. १९९६ साली ३० सप्टेंबरला वात्नायोकुल या मोठ्या हिमनदीखाली उद्रेक सुरू झाला, वितळलेलं पाणी पाच आठवडे या तळ्यात साचत राहिलं आणि ५ नोव्हेंबरला फुटलं. शिखर-प्रवाह सेकंदाला ४५ हजार घनमीटरांच्या आसपास होता. पूल वाहून गेला, पण रस्ता आधीच बंद असल्याने माणूस दगावला नाही.

नदीकाठी कुजक्या अंड्यांचा वास अचानक वाढला तर उंचावर जा, खोलगटात थांबू नका. गंधकयुक्त वायू तिथेच साचतो.

हिमनदी किती झिजली हे मोजतात कसं?

वाफेच्या ड्रिलने बर्फात भोक पाडून खुंटी रोवतात. वसंतात हिवाळी बर्फाची जाडी आणि घनता मोजायची, शरदात खुंटी किती उघडी पडली ते. समजा वसंतात २ मीटर हिम आहे, घनता घनमीटरला ५०० किलो. म्हणजे १ मीटर पाणी. उन्हाळ्यात ते सगळं गेलं आणि खालचा बर्फही ३ मीटर उतरला. बर्फाची घनता ९०० धरली तर तो २.७ मीटर पाण्याइतका. उन्हाळ्याचं नुकसान ३.७, त्यातून हिवाळ्यात साचलेला १ मीटर वजा केला की वर्षाची तूट २.७ मीटर. घनता न मोजता नुसती जाडी वजा करणं ही नवख्यांची हमखास चूक. दुसरी अडचण खुंटीचीच : भोक उथळ पडलं तर शरदापर्यंत ती आडवी होते आणि त्या जागेचं वर्ष वाया जातं.

पडणारं हिम पर्जन्यमापकासारख्या मापकात पकडून हा हिशेब सुटत नाही, कारण जोराच्या वाऱ्यात बरंचसं हिम मापकाच्या तोंडावरून उडून जातं. मापक सांगतो त्यापेक्षा खरी हिमवृष्टी बहुतेक वेळा जास्तच असते.

पिवळा इशारा असताना गाडी काढावी का?

पिवळा, नारिंगी, लाल हे रंग वाऱ्याच्या एकाच आकड्यावर ठरत नाहीत. परिणाम किती गंभीर आणि शक्यता किती, यांवर ठरतात. म्हणून रंगाखालचा मजकूर वाचा. वारा सेकंदाला मीटरमध्ये दिलेला असतो, ३.६ ने गुणा : २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. हा १० मिनिटांचा सरासरी वेग. डोंगरपायथ्याशी झोत त्याच्या दीडपट-दुप्पट येऊ शकतो, त्यामुळे उंच गाडी असेल तर थांबलेलं बरं. उभी करताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने बिजागरीपासून उलटलेली दारं तिथे नवी नाहीत.